गणपतीतली एकांकिका आणि लेखकाची परवानगी

ए-३०२: मंडळी, सोसायटीच्या गणपतीतली एकांकिका ठरली. पीडीएफ टाकतोय. काम करणाऱ्यांनी रात्रीपर्यंत वाचून घ्या.

बी-१०४: अरे, पहिलं पान गायब आहे यातलं. परवानगीची सूचना त्याच पानावर छापतात. लेखकाला विचारलंस का?

ए-३०२: काकू, तिकीट नाही, काही नाही. कशाला विचारायचं?

सी-५०१: कायद्याने तरी नाही लागत. कॉपीराइट कायदा, कलम ५२. हौशी मंडळींचा फुकट प्रयोग असेल तर सूट आहे.

ए-३०२: मी तर म्हणतो कॉपीराइटच नको. तुकोबांनी कुठे रॉयल्टी मागितली? गाथा पावणेचारशे वर्षं चाललीच ना!

बी-१०४: तुकोबांना विठ्ठल हवा होता रे. पठ्ठे बापूरावांचं बघ. लावण्या गावोगाव गाजल्या आणि १९४५ला ते पुण्यात हलाखीत गेले. तमाशाचं काही अडलं नाही, अडलं ते बापूरावांचं.

सी-५०१: काकू, कायदा तेव्हाही होता, १९१४चा. नुसत्या कायद्याने भागत नाही, हक्क लेखकाच्या हातात राहायला हवा. सिनेमाचे गीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून द्यायचे. २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला वाटा तसा सोडता येत नाही. माझी तक्रार मुदतीबद्दल आहे. लेखक गेल्यावर ६० वर्षं! आधी ५० होती, रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा वाढवली. साने गुरुजी १९५०ला गेले, ‘श्यामची आई’ खुली झाली २०११ला. आता कितीतरी प्रकाशक काढतात, स्वस्तात मिळते. हे वीस वर्षं आधी झालं असतं तर काय बिघडलं असतं?

बी-१०४: मुदत कमी करा, माझी हरकत नाही. पण आज लिहिणाऱ्याला पहिल्या प्रयोगापासून फुकट्यांच्या तोंडी देऊ नका. एकांकिकांची पुस्तकं खपतात किती? प्रयोगाचं मानधन हीच त्याची कमाई. तेही गेलं तर नोकरी सांभाळून, सवड मिळेल तसे लिहिणारेच उरतील. त्यांनी लिहावंच, पण नाटक काय तेवढ्यावर चालायचं?

ए-३०२: मग वर्गणीतून देऊ या काहीतरी. खजिनदार?

खजिनदार: मांडववाल्याला देतो तसं लेखकालाही देऊ. पावती तेवढी घ्या.

ए-३०२: आणखी एक अडचण. बायकांची कामं तीन, तयार दोघीच. सासू कापली तर?

सी-५०१: तिथे कलम ५२ नाही पुरायचं. कापाकापी करायची तर लेखकाला विचारावंच लागेल.

बी-१०४: कापू नका. सासू मी करते.