पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज): पित्ताशय आत्ताच काढायचं की सहा आठवड्यांनी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. दादा (वय ४४) रविवारी हळदीचं मटण जेवून आला आणि रात्री पोटात दुखायला लागलं, आम्ही आपलं अ‍ॅसिडिटी समजून ओवा दिला, सोडा दिला, पण दोन वाजता बघते तर उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून बसलाय, आडवं होताच येईना, कळ थेट पाठीत आणि उलट्या थांबेनात. अ‍ॅडमिट केलं तर रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) १८४०! नॉर्मलच्या तिप्पट झालं तरी पुरतं म्हणे निदानाला. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे निघाले, त्यातलाच एखादा घसरून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला असणार.

सलाईन आणि दुखण्याची इंजेक्शनं चालू केली. अँटिबायोटिक नाही म्हणून वहिनी डॉक्टरांशी भांडली, पण इन्फेक्शन नसेल तर या सुजेत लागत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून पेज आणि मऊ भात, आज बराच बरा आहे. (दादा दारू थेंबभर पीत नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येकजण आधी तेच विचारतो, डोकं फिरतं.)

आता एक सर्जन म्हणतात पित्ताशय काढूनच घरी जा, दुसरे म्हणतात सहा आठवड्यांनी या. काय करू? आणि आई भातावर तूप घालायला निघालीय, चालेल का?

प्रतिसाद: ताई, आमच्या बाबांना असंच नंतर या सांगून सोडलं, तिसऱ्या आठवड्यात परत अटॅक, दुसऱ्यांदा आयसीयू बघितला. खडे आत असतील तर वाट कशाला बघायची?

प्रतिसाद: मी डॉक्टर आहे, पण पेशंट बघितलेला नाही हे धरून वाचा. सूज सौम्य असेल तर त्याच अ‍ॅडमिशनमध्ये दुर्बिणीने काढणं बरं. स्वादुपिंडाचा भाग मेला असेल किंवा भोवती पाणी साठलं असेल तर मात्र थांबतात, ते ओसरू देतात. दुसरे सर्जन त्यामुळे थांबा म्हणतायत का, हे आधी विचारा. लायपेज रोज तपासून उपयोग नाही, आकड्यावरून आजार किती गंभीर ते कळत नाही. ताप, धाप, डोळे पिवळे, लघवी कमी यातलं काही दिसलं तर लगेच सांगा. तूप, तळलेलं तूर्तास नको.

धागाकर्ती: आभार! सकाळी राऊंडला हेच विचारते. तुपाची बरणी वहिनीच्या पिशवीत घालून परत घरी पाठवलीय, आई रुसलीय.