मदत हवी आहे: भोपळ्याचं थालीपीठ फाटतंय, लवकर सांगा

डबाबंद
मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. भोपळ्याचं थालीपीठ फाटतंय. थापताना सगळं ठीक असतं. फडकं उचलून तव्यावर उलटं केलं की अर्धं तव्यावर पडतं आणि अर्धं फडक्यालाच चिकटून राहतं. मग त्याचा चुरा करून दह्याबरोबर खायचा आणि 'आजचा प्रयोग' म्हणायचं, असं चाललंय.
हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेल्यापासून पाचलाच अंधार होतो, बाहेर जेवायला जायचा कंटाळा येतो. म्हणून दोघांनी ठरवलंय की आठवडाभर घरीच करायचं आणि बाजारात ढिगाने जे आलंय त्यातूनच करायचं. कोबीची थालीपिठं झाली, सुरेख झाली. नवलकोल पाल्यासकट पीठ पेरून झाला. आता भोपळा. भाजणी तीच, तवा तोच, थापणारी मीच. मग हेच का फाटतंय? पाककृती नकोय, ती आहे. नवरा सातला येतो, त्याच्या आत सांगा.

ऑक्टोबरहीट
पाचला अंधार म्हणजे तुम्ही नक्की आहात कुठे? इथे पुण्यात अजून पंखा पाचवर आहे. असो. भोपळा कुठला, किसून घालता की शिजवून, भाजणी घरची का विकतची, तवा कसला, काहीच लिहिलेलं नाही. अंदाजपंचे सांगू का?

बिडाचातवा
त्यात विचारायचं काय? नॉनस्टिक असणार. थालीपीठ बिडाच्या तव्यावरच करावं. मी वीस वर्षं दुसऱ्या कशावर केलेलं नाही आणि एकही फाटलेलं नाही.

डबाबंद
जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. भोपळा म्हणजे लाल भोपळा हो, आणखी कुठला! कच्चा किसून. तवा नॉनस्टिक, शेगडी काचेची. पण @बिडाचातवा, ते फाटतं तव्यावर पडायच्या आधी, फडक्यावरून सुटताना. त्यात तव्याचा काय दोष? भाजणी पुण्याहून आणलेली होती ती संपली, आता पिठं एकत्र करून घेतलीत.

ऑक्टोबरहीट
वर म्हणालात 'भाजणी तीच'.

डबाबंद
डबा तोच आहे.

घडीचीपोळी
वाटीभर कणीक घाला, विषय संपला. आमच्याकडे रात्री साडेआठला कुणाला भाजणीचं शास्त्र नको असतं.

बिडाचातवा
कणीक घातलीत की ती जाड पोळी. थालीपीठ म्हणू नका.

घडीचीपोळी
अहो, भाजणीत गहू असतातच की! तुमच्या बिडाच्या तव्याला चालतात, मग माझे का नाहीत?

हवाईतळण
डबाबंद ताई, एअर फ्रायर घ्या. भोपळ्याच्या फोडी, तिखट, मीठ, चमचाभर तेल, 180 वर पंधरा मिनिटं. दोघांना पुरतं आणि भांडीही कमी. आम्ही गेल्या वर्षीपासून गॅस जवळजवळ बंद केलाय.

डबाबंद
धन्यवाद, पण प्रश्न थालीपिठाचा आहे.

हवाईतळण
थालीपीठही होतं त्यात. बटर पेपरवर थापायचं.

बिडाचातवा
ती बिस्किटं होतात.

आज्जीचीपाटी
गव्हावरून भांडू नका, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. भाजणीतला गहू भाजलेला असतो, त्याला चिकटपणा फारसा उरत नाही. कच्च्या कणकेला असतो. भाजणीला बांधून धरतो तो उडीद. आमचं घरचं प्रमाण: ज्वारी 4 वाट्या, बाजरी 2, तांदूळ 2, चणाडाळ 1, उडीद 1, गहू 1, धणे पाऊण वाटी, जिरं दोन चमचे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. तिकडे गिरणी नसेल तर तयार पिठं घ्या, पण बेसन आणि उडदाचं पीठ खमंग वास येईपर्यंत भाजा. नुसती कच्ची पिठं कालवली तर चवीला बेसनाचा उग्रपणा राहतो.
आता मला हे सांग डबाबंद, मीठ कधी घालतेस? आणि पीठ मळल्यावर थापेपर्यंत किती वेळ जातो? कोबीच्या वेळी किती गेला होता?

नेकरपार
न्यू जर्सीतून. इथे आत्ता जिकडेतिकडे भोपळाच, कॉफीतसुद्धा. मी किसायच्या भानगडीत पडत नाही, डब्यातला तयार गर घेते. घट्ट असतो, पाणी सुटत नाही. फक्त डब्यावर नीट वाचून घ्या, 'पंपकिन पाय' या गोड पदार्थासाठी साखर-दालचिनी घातलेला असेल तर थालीपीठ गोड होईल. माझ्या नवऱ्याने तसं केलंय. आणि त्याला ते आवडलं.

डबाबंद
आज्जी, मीठ मळतानाच की! वेळ असा सांगता येत नाही, आल्यावर लगेच थापायला घेते. कोबीचं रविवारी केलं होतं, मळलं की लगेच.

आज्जीचीपाटी
'आल्यावर लगेच'? मग मळतं कोण?

उपरोक्त_नवरा
(आजच सदस्यत्व घेतलं.) मी मळतो. मी दहाला निघतो, ती सकाळी सातलाच जाते. म्हणून सकाळी भोपळा, कांदा, कोथिंबीर, मीठ, तिखट सगळं घालून मळून फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी गोळा मस्त घट्ट असतो. संध्याकाळी भांड्याच्या कडेने पाणी आलेलं असतं, असं ती मला फोनवर सांगते, धाग्यावर का सांगितलं नाही ते माहीत नाही. वरून ती पीठ भुरभुरवते. माझ्या मते दोष तिच्या फडक्याचा आहे.

ऑक्टोबरहीट
घ्या!!! तीन तास आम्ही तव्यावर भांडतोय.

आज्जीचीपाटी
फडक्याचा नाही रे बाळा, मिठाचा. किसलेल्या भोपळ्याला आणि कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटणारच, आणि तुम्ही त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ देताय. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी का घालतात? तेच. त्यात वरून कोरडं पीठ घातलं की ते नीट भिजत नाही, बाहेरून गुळगुळीत दिसतं आणि उचलताना चिरतं.
असं करा. सकाळी कोरडी पिठं, तिखट, हळद, ओवा, तीळ एका डब्यात. भोपळा किसून दुसऱ्या डब्यात, मीठ न लावता. संध्याकाळी किसाला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, पिळा, आणि ते पाणी टाकू नका, त्यानेच पीठ भिजवा. पिठातला मूठभर भाग वेगळा काढून त्यावर कढत पाणी ओतून चमच्याने हलवा, उकडीसारखं होईल. ते बाकीच्यात मिसळलं की गोळा धरून राहतो. कांदा अगदी बारीक चिरा. मोठा तुकडा मध्ये आला की फाटायला तिथूनच सुरुवात होते.

अकोलेकर
भोपळा नक्की कोणता हेही सांगा न. जर्मनीत मी तीन वर्षं काढली. तिथं छोटा नारिंगी होक्काइडो मिळते, तो पार कोरडा, शिजला की रताळ्यासारखा लागते. सालीसकट खाता येते, सोलायचं काम नाही. आणि तो मोठा, खाचा पडलेला, कापून फोडी विकतात तो मस्कट. त्याला पाणी लय.

डबाबंद
फोडी विकतात तोच. स्वस्त होता.

अकोलेकर
तरीच. पुढच्या वेळी होक्काइडो घ्या. आन् जवळ राहता तर लुडविग्सबुर्गचं भोपळ्यांचं प्रदर्शन पाहून या, राजवाड्याच्या बागेत दरवर्षी शरदात भरते. शेकडो जाती. फक्त शोभेचे भोपळे आणून भाजी करू नका, ते विषारी राहू शकतात. कोणताही भोपळा किंवा दुधी चाखताना कडू लागला तर थुंकून टाका अन् अख्खा फेका. शिजवून तो कडूपणा जात नाही.

बिडाचातवा
माहिती चांगली. तरीही तवा बदला.

घडीचीपोळी
भाजणी कुरियरने का नाही मागवत? सोबत साजूक तूपही येईल.

नेकरपार
भाजणी ठीक, तुपाचं जपून. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. माझ्या नणंदेच्या बॅगेतले पेढे फ्रँकफर्टला काढून घेतले होते.

घडीचीपोळी
पेढे?! अरेरे. कुठले होते?

नेकरपार
साताऱ्याचे कंदी.

डबाबंद
काल आज्जींच्या पद्धतीने केलं. भोपळा मस्कटच होता, तो संपवायचा होता. पिळल्यावर वाटीभर पाणी निघालं, मीच बघत राहिले. उडदाचं पीठ भाजून घातलं, मूठभर पिठाची उकड घेतली. थालीपिठं अख्खी उतरली. भोकांत तेल सोडून झाकण ठेवलं, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. एकाची कड तुटली, ते याने मुद्दाम फोटो काढून ठेवलंय. काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे शेवटचं जरा करपलं आणि पॅसेजमधला धुराचा भोंगा कोकलायला लागला. हा स्टुलावर उभा राहून टॉवेलने वारा घालत होता, मी सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर चार अंश. जेवायला साडेआठ वाजले.

उपरोक्त_नवरा
धन्यवाद आज्जी. पुढचा प्रयोग बीट आणि अक्रोड. बीट सकाळीच किसून ठेवू ना?

आज्जीचीपाटी
किसून ठेव, मीठ लावू नकोस. अक्रोड भाजून, भरड. आणि पिठात आंबट ताक घाल, नाहीतर बीट फार गोड लागतं.

हवाईतळण
बीटाचे चिप्स एअर फ्रायरमध्ये उत्तम होतात.

ऑक्टोबरहीट
अवांतर: काचेच्या शेगडीवर भाकरी फुगते का? मुलगी पुढच्या महिन्यात म्युनिकला जातेय, तिला तवा द्यायचा की नाही ते ठरत नाहीये.

डबाबंद
आच नसल्याने विस्तवावर टाकता येत नाही. तव्यावरच फडक्याने दाबत फिरवायची, बहुतेक वेळा फुगते. तवा द्या, पण बूड सपाट बघून घ्या. खोलगट तवा काचेला नीट टेकत नाही, मध्ये तापतो आणि कडा कच्च्या राहतात.

बिडाचातवा
बिडाचा द्या. सपाट मिळतो.

अकोलेकर
सामान किती किलो नेता येते ते पहिले पाहा.