मधुनाशिनीचा पाला लागू पडतोय, मग गोळी कशाला?

रामबागकर_इंदूर:
सासऱ्यांची उपाशीपोटी साखर 190 होती. महिनाभर सियागंजातून आणलेली गुडमारची, म्हणजे आपल्या मधुनाशिनीची, पूड चमचाभर देतोय. काल 138 आली. पान चावून वर साखर खाल्ली तर तोंडात रेती वाटते, स्वतः करून पाहिलंय. माझं मत, मधुमेहाची गोळी बंद करून पाल्यावरच राहावं.

वनस्पती_शिक्षिका:
रेतीचा अनुभव खरा आहे, मी दरवर्षी वर्गात मुलांना ते पान चावायला देते. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरचे गोड ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात, थोड्या वेळाने चव परत येते. पण हे जिभेपुरतं झालं. रक्ताचं म्हणाल तर बरेचसे प्रयोग उंदरांवरचे: स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारायच्या आणि मग अर्क पाजायचा. माणसांवरचे प्रयोग लहान आहेत. शिवाय तिथे अर्क मोजून देतात. तुमच्या चमच्यात काय किती आहे, हे सियागंजातला दुकानदार तरी कसं सांगणार? महिनाभर गोळी चालूच होती ना? सकाळची जिलबीही सुटली असेल. मग श्रेय एकट्या पाल्याला का?

माळव्याचा_माणूस:
ताई, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचं मूळही पाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप मधुमेहावर वापरत, त्यातल्या गॅलेजिन या द्रव्याच्या धाग्यावरून 1922 मध्ये मेटफॉर्मिन बनलं आणि 1957 मध्ये रुग्णांना दिलं गेलं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्यांची सुरुवातही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनपासून. झाडपाला म्हणून झटकून टाकलं असतं तर आज हातात काय असतं?

वनस्पती_शिक्षिका:
झटकत नाहीच मी. पण गॅलेगा खाऊन मेंढ्या मरतात. गॅलेजिन विषारी निघालं म्हणून तर त्याच्या जवळचा, शरीराला सोसेल असा रेणू शोधावा लागला. त्या मधल्या पस्तीस वर्षांचं काम चमच्याने कसं भरून निघेल?

लोकमान्यनगर_आई:
माझी मुलगी बारा वर्षांची, टाइप 1. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. एक नातेवाईक 'इन्सुलिनचं झाड' कुंडीसकट घेऊन आले, म्हणे रोज एक पान द्या, सुया सुटतील. नावात इन्सुलिन आहे, पानात नाही. सुई सुटली तर काही दिवसांत पोर जिवावर बेतेल. कृपा करून टाइप न विचारता कुणालाही सल्ला देऊ नका.

सुदामानगर_मुलगा:
आमची आई ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घ्यायची आणि गुपचूप पूडही. पहाटे चार वाजता घामाने चिंब, बोलणं अडखळलेलं, साखर 46 वर घसरलेली. पूड नेमकी किती कारण, हे कुणी सिद्ध केलं नाही. पण डॉक्टरांना ती ठाऊकच नव्हती.

माळव्याचा_माणूस:
सांगून घ्यावं, हे मान्य. पण डॉक्टरांनीही ऐकून घ्यावं. 'फेकून द्या' म्हटलं की माणूस लपवतोच.

रामबागकर_इंदूर:
आत्ता पाकीट पाहिलं. ग्लिमेपिराइडच आहे. पूड आजपासून थांबवली, गोळी चालू. सोमवारी पुडीसकट नेतो सासऱ्यांना. पाल्यावरचा विश्वास गेलेला नाही, पण रात्री उशाशी ग्लुकोज आणि मशीन ठेवतोय.