मोफत कलावर्ग की गणिताची शिकवणी?

कृष्णाकाठ:
सांगलीच्या कष्टकरी वस्त्यांतील मुलांना शाळा सुटल्यावर मोफत तबला, नृत्य आणि चित्रकला शिकवण्यापेक्षा गणित-इंग्रजीची शिकवणी द्यावी, कारण फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, असे मत कोणीतरी मांडले आहे. ते वाचून स्वस्थ बसवले नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे नाटक उभे केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. लहानपणी दृष्टी अधू झालेले थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, तेव्हा त्यांच्या पाठीशी मिरज संस्थान होते. ज्यांच्या नावावर आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो त्यांना आश्रय चालला, मग संजयनगरसारख्या वस्तीतल्या मुलीकडेच फी का मागायची?

हळदपेठ:
तो आश्रय मोजक्या गुणवंतांना होता, सरसकट नव्हता. माझे वडील हळदीच्या पेठेत हमाली करत. मी ढोलकी उत्तम वाजवत असे आणि गल्लीतले सगळे कौतुकही करत; पण गणितात हात धरणारा कोणी न भेटल्यामुळे डिप्लोमा अर्धवट सुटला. गरिबाच्या मुलाची संध्याकाळ एकच असते. ती कशात घालवायची, हे ज्यांच्या मुलांना दोन्ही शिकवण्या परवडतात त्यांनी ठरवू नये.

घुंगरू:
मी कथक शिकवते. मोफत वर्गाचा उत्साह सर्वांना असतो, मात्र शिकवणाऱ्याच्या मानधनाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. एका संस्थेने मला समाजकार्य म्हणून बोलावले. मांडव, फलक आणि पाहुण्यांचे सत्कार यांसाठी पैसे होते, माझ्या रिक्षाभाड्यासाठी नव्हते. पुढे मी जाणे थांबवले आणि नुकताच तत्कार, म्हणजे कथकमधले पायांचे मूळ बोल, पक्का झालेल्या मुलींचे शिक्षण तेथेच तुटले. त्याचे दुःख मला आजही आहे.

कृष्णाकाठ:
ताई, मानधनाचा प्रश्न खरा आहे, परंतु तो नंतरचा आहे. आधी वर्ग तर सुरू होऊ देत.

घुंगरू:
नंतरचा कसा? संस्थानिकांचे दाखले आपणच दिलेत ना? त्यांच्या पदरी असलेल्या गवयांना वेतन मिळत होते, हे मात्र आपण सोयीस्करपणे वगळलेत. ज्याचे घर चालत नाही असा शिक्षक चार महिन्यांत निघून जातो, आणि पुन्हा दोष मुलांनाच दिला जातो की त्यांना किंमत नाही.

तरफ:
मानधनाइतकाच वाद्यांचाही विचार व्हावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मिरजकर म्हणून अभिमान आहे. पण शेजारच्या वस्तीतील मुलाला आठवड्यातून दोनदा वर्गात तबला मिळतो आणि उरलेले दिवस रियाजासाठी घरी काहीच नसते. तबल्याची पुडी (वरचे चामडे) फाटली तर वर्गच बंद पडतो. वाद्ये रोज संध्याकाळी खुली राहिली पाहिजेत, नाहीतर हात बसणार कसा?

हळदपेठ:
संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या महापालिकेच्या शाळांत आधी तासभर गणित आणि मग कला, असे होणार असेल तर माझा विरोध नाही. हे मी पलुसकरांच्या दाखल्यामुळे नव्हे, ताईंच्या अनुभवामुळे म्हणतो. गणित मात्र आधीच हवे.

घुंगरू:
क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. पण गणिताच्या शिक्षकाला मानधन आणि मला शाल-नारळ, असे ठरणार असेल तर मी येणार नाही, हे आजच सांगून ठेवते.