मदत हवी आहे: व्हेपरफ्लाय ३ ची सवय असलेल्या मुलीला ४ कसा जाईल?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहितो आहे. प्रश्न लहान बहिणीच्या बुटांचा आहे. ती एकवीस वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. हाफ मॅरेथॉनमधली तिची आजवरची चांगली वेळ १ तास ३४ मिनिटं. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावायचं आहे. ९० मिनिटांच्या आत यायचं, हे तिनं घरातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

आतापर्यंत ती नायकीचा व्हेपरफ्लाय ३ हा शर्यतीचा बूट वापरत होती. नागपूरच्या एका धावणाऱ्या ताईंनी थोडाच वापरलेला जोड दिला होता, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. आता त्याचा तळ झिजलाय. आमच्याकडे डांबरी रस्त्याला लागेपर्यंत पाऊण किलोमीटर पांदण आहे, गिट्टी उघडी पडलेली. कोणताही बूट तिथं झिजणारच.

कापूस विकला तेव्हा बाबांनी स्वतःहून पैसे बाजूला काढले. नवा जोड वीस हजारांच्या पुढे जातो. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये, म्हणजे जवळपास तीन क्विंटल कापूस या एका जोडात जाणार. म्हणून चूक नको आहे.

माझी खरी काळजी टाचेची आहे. पहाटे साडेचारला ती धावते आणि मी मोटारसायकल घेऊन मागे असतो. अंधार असतो, रानडुकरंही असतात. दीड वर्ष तिच्या पावलांचा आवाज ऐकतोय. पंधराव्या किलोमीटरपर्यंत तो हलका असतो. मग पाय थकतात, टाच आधी टेकायला लागते आणि आवाज जड होतो. साध्या बुटांत तिथून पुढं तिचा वेग पडायचाच. व्हेपरफ्लाय ३ मध्ये आवाज जड झाला तरी वेग टिकतो. ती म्हणते, "दादा, टाचीखाली गादी हाय, पाय मांगं राहत नाही."

२०२५ मध्ये आलेला ४ हा आजवरचा सगळ्यात हलका व्हेपरफ्लाय आहे, असं वाचलं. पण वजन कमी करताना तळही बारीक केलाय. टाचेखालची उंची ४० मिलिमीटरच्या आसपास होती, ती ३५ च्या आसपास आली. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक ८ चा ६ झाला. वेगवान लोकांना हे आवडत असेल. पण शेवटच्या सहा किलोमीटरला जिची टाच टेकते तिला काय जाणवेल? ज्यांनी दोन्ही घातलेत त्यांनी कृपया सांगावं. ३ शिल्लक असेल तर स्वस्तात तोच घ्यावा का? आणि मुंबईच्या मार्गातला पेडर रोडचा चढ तिनं कधी पाहिलेला नाही, तिथं यानं काही फरक पडेल का?

पहाटधाव, पुणे
दादा, मी दोन्ही वापरलेत. ४ पायात घातल्या घातल्या फरक कळतो. पाय जमिनीच्या जवळ वाटतो, पंजावर लवकर येतो. चढावर तो मला आवडला, कारण तिथं तसंही पंजावरच धावावं लागतं. पण तुम्ही जे टाचेचं सांगताय ते खरं आहे. थकल्यावर ३ जसा सांभाळून घेतो तसा ४ घेत नाही. तळातला फोम दोन्हींत नायकीचा झूमएक्सच, फक्त टाचेखाली तो कमी आहे. पोटऱ्यांवर ताणही थोडा जास्त येतो.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. २०१७ च्या पहिल्या मॉडेलचं नावच 'व्हेपरफ्लाय ४%' होतं; ते चार टक्के ज्या चाचणीतून आले, त्यात १८ तगडे धावपटू होते आणि वेग ताशी १४ ते १८ किलोमीटरचा होता. पुढे कमी वेगावर, 'व्हेपरफ्लाय नेक्स्ट% २' हे नंतरचं मॉडेल घेऊन चाचणी झाली तेव्हा ताशी १२ ला बचत सरासरी १.४ टक्के आणि १० ला ०.९ टक्के निघाली. ही बचत ऊर्जेची, घड्याळातल्या वेळेची नव्हे. तुमच्या बहिणीला ९० मिनिटांसाठी ताशी १४ चा वेग लागेल. पहिल्या चाचणीतला तो सगळ्यात कमी वेग. तेव्हा दोन मॉडेलमधल्या फरकानं चार मिनिटं मिळतील अशी आशा धरू नका. ती पंधराव्या किलोमीटरनंतरच्या पायांतून येतील. आठवड्यातून एकदा लांब पल्ला धावताना शेवटचे पाच किलोमीटर शर्यतीच्या वेगानं, तेही साध्या बुटांत, आणि पोटऱ्यांचा व्यायाम. आणि सगळं श्रेय तळातल्या कार्बनच्या प्लेटला देऊ नका. व्हेपरफ्लायची प्लेट कापून चाचणी केली तरी बचत फारशी घटली नव्हती. काम मुख्यतः फोम करतो. म्हणूनच टाचेखाली तो किती आहे, हा तुमचा प्रश्न नेमका आहे.

मापाचा ३ मिळाला तर माझं मत ३ ला.

वऱ्हाडी पाय, अमरावती
भाऊ, पोरगी कॉलेजकडून ट्रॅकवर धावते का? धावत असन तर आताच सांगून ठेवतो. जागतिक नियमानं १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर तळ २० मिलिमीटरच्या वर चालत नाही. रस्त्यावर ४० पर्यंत चालते. ५,००० मीटरले हा बूट घालून उभी राहिली अन् पंचानं बाजूले काढली तर वर्षभराची मेहनत जाईन. आमच्या पोरीले ऐन वेळी बूट बदला लागले होते.
आन् नवा जोड टिनाखाली ठेवू नका, फोमले उन्हाळा सोसत नाही. पांदणीत जुनाच घाला, डांबरीवर बदला.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ट्रॅकचं मला अजिबात माहीत नव्हतं. ती विद्यापीठाच्या निवडीत ५,००० मीटर धावणार आहे आणि याच बुटांत धावणार होती. तिला आत्ताच वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ट्रॅकले साधेच खिळ्यांचे स्पाइक्स घेऊ, त्याचे पैसे या जोडातून वाचले पाह्यजेत.

म्हणजे आता ३ च शोधायचा. रविवारी नागपूरला जातोय. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तिच्याच मोज्यांवर घालून बघू. पहाटधावदादा, एकच विचारायचं राहिलं: दुकानात जुन्या साठ्यातला जोड पडून पडून फोम कडक झालाय का, हे हातानं दाबून कळतं का?