तंबाखूचं पाणी वांग्यांवर मारावं का?

फोंड्याची परसवाली: परसात वांग्यांची २० रोपं आहेत. शेंडे माना टाकू लागलेत, काही वांग्यांना भोकं आहेत. शेजारच्या काकी म्हणतात, तंबाखू उकळून ते पाणी मार, आम्ही जन्मभर तेच केलं. मला हे अजिबात पटत नाही. निकोटीन विषच आहे, झाडातून आलं म्हणून ते सौम्य होत नाही. मधमाश्याही मरतात, आणि ही वांगी दोन दिवसांनी आपल्याच कालवणात जाणार. मी निंबोळी अर्कच मारणार: लिटरला ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड, रात्रभर भिजवून गाळलेली, थोडा साबण घालून. फवारायचं संध्याकाळी, उन्हात त्याचा जोर लवकर जातो.

काणकोणचा बागायतदार: तंबाखूबद्दल तुमचं बरोबर. पण निंबोळीवर एवढी भिस्त ठेवू नका. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आहे. अंड्यातून निघाली की काही तासांत आत शिरते, मग वरून काहीही मारा. सुकलेला शेंडा खालच्या हिरव्या भागासकट कापून जाळा, भोकाची वांगीही काढा. खताच्या खड्ड्यात टाकलीत तर पतंग तिथूनच उडतील. जोडीला कामगंध सापळा लावा, म्हणजे मादीच्या गंधाने पतंगांना ओढून अडकवणारा.

म्हापशाहून: शेंडे कापणं मान्य, सापळा नाही. त्यात फक्त नर सापडतात. आजूबाजूच्या परसांत काहीच केलं नसेल, तर जोडी जमलेल्या माद्या तिथून येऊन अंडी घालतातच. सगळ्या वाड्याने मिळून लावले तर गोष्ट वेगळी. २० रोपांना मी बारीक जाळी घालीन. वांग्याला फळ धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागत नाही, फुलं आली की रोपं हलक्या हाताने हलवायची. दोडकी-काकडीला मात्र जाळी नको, तिथे परागासाठी मधमाश्या यायलाच हव्यात. फळमाशीपासून वाचवायला कोवळ्या फळालाच कागदी पिशवी बांधा.

सांग्याची आजी: बाय, राख विसरलात का? थंडीत सकाळी पानांवर दव असताना चुलीची राख भुरभुरवायची. भोपळ्याच्या वेलावरचे तांबडे भुंगे कमी होतात. आणि हुमल्यांना, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांना, मारू नका, ते अळ्या ओढून नेतात.

काणकोणचा बागायतदार: आजी, राखेचं खरं, पण पावसात ती टिकत नाही. हुमले अळ्या नेतात तसे गोड चिकटा मिळतो म्हणून माव्याची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीची, राखणही करतात. चवळीवर मी ते रोज बघतो.

फोंड्याची परसवाली: आज शेंडे कापले, १७ निघाले. चिरून पाहिलं तर बहुतेकांत अळी होती. निंबोळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती, हे मान्य. उद्या जाळी आणते. काकींना तंबाखूचं पुन्हा सांगणार आहे, त्यांच्या परसात नातवंडं खेळतात.