सल्ला हवा: कॉकटीलची पिल्लं हाताने भरवायची आहेत. चमचा, सिरिंज की नळी?

तुरेवाला
कॉकटीलची (तुरा असलेल्या छोट्या पोपटाची) तीन पिल्लं आहेत. मोठी दोन साधारण १४ दिवसांची, वजन ४८ आणि ४५ ग्रॅम. धाकटं चार दिवसांनी लहान, ३१ ग्रॅम. मादी पुन्हा अंड्यांवर यायच्या बेतात आहे आणि पिल्लांच्या पाठीवरचे पिसांचे कोंब उपटतेय. नराचं भरवणंही कमी झालंय. तयार हँडफीडिंग फॉर्म्युला (पाण्यात कालवून पिल्लांना भरवायची पावडर), सिरिंज आणि एक मऊ नळी आणून ठेवली आहे. काय वापरणं सुरक्षित? किती द्यायचं, किती वेळा? नळीने पटकन आणि स्वच्छ काम होतं असं ऐकलंय.

रानवाट
पिल्लं बाहेर काढण्याआधी एक करून बघा. मादीला वेगळ्या पिंजऱ्यात हलवा आणि नराला पिल्लांपाशी राहू द्या. मादी नजरेआड झाली की बरेचदा नर पुन्हा भरवायला लागतो. दोन-तीन तासांनी पिल्लांचा क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नपिशवी बघा. भरलेली असेल तर प्रश्न सुटला. अर्धवट असेल तर दिवसातून दोनदा वरचं भरवा आणि पिल्लं घरट्यातच ठेवा. रोज थोडा वेळ हातात घेतलं तरी पिल्लं माणसाळतात, त्यासाठी आईबापांपासून तोडावं लागत नाही. रिकामीच राहिली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी काढा.

पिसारा
रानवाट यांच्याशी सहमत. काढावीच लागली तर हे वाचा.

आधी तापमान, कारण सर्वात जास्त पिल्लं तिथेच दगावतात. फॉर्म्युला भरवताना ३९ ते ४१ अंश सेल्सिअस हवा. ३८ च्या खाली गेला की पिल्लू तोंड फिरवतं आणि खाल्लेलं क्रॉपमध्ये रेंगाळतं. ४३ च्या वर गेला की क्रॉप आतून भाजतो. हे लगेच कळत नाही. काही दिवसांनी गळ्याखाली कातडी लाल होते, खपली धरते आणि मग भोक पडून खाल्लेलं बाहेर झिरपतं. तिथून पुढे शस्त्रक्रियाच. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेऊ नका, डिजिटल थर्मामीटर वापरा आणि मोजण्याआधी ढवळा. मायक्रोवेव्ह नकोच, त्यात एक घास कोमट आणि पुढचा उकळता निघतो. गरम पाणी पावडरमध्ये कालवा आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून भरवा.

मात्रा: एका वेळी वजनाच्या १० टक्के. म्हणजे ४८ ग्रॅमच्या पिल्लाला ४.८ मिली, ४५ च्या पिल्लाला ४.५, धाकट्याला ३. तिघांना मिळून साडेबारा मिलीच्या आसपास लागेल. ५ ग्रॅम पावडर आणि १५ मिली पाणी घेतलं तर पुरून थोडं उरतं. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. कालवल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, पावडर पाणी पिऊन घट्ट होते. मग पुन्हा तापमान बघा. चमच्यातून सलग, संथ धारेत पडलं पाहिजे. उरलेलं फेकून द्या. झाकून पुढच्या वेळेला वापरायचं नाही.

मोठ्या दोघांना दिवसातून पाच वेळा, चार-चार तासांनी. धाकट्याला सहा वेळा. प्रत्येक वेळी घड्याळाआधी क्रॉप बघा: जवळजवळ रिकामा झाल्याशिवाय पुढचं भरवू नका, आणि चोवीस तासांत एकदा, शक्यतो पहाटे, तो पूर्ण रिकामा व्हायलाच हवा. जुन्यावर नवं ओतत गेलात की तळाशी राहिलेलं आंबतं.

रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन करा. काटा निदान १ ग्रॅमचा हवा, ०.१ चा असेल तर उत्तम. या वयात वजन रोज वाढलं पाहिजे. एक दिवस जागेवर राहिलं तरी कारण शोधा. मात्रा रोजच्या वजनावरून नव्याने काढा.

तुरेवाला
धन्यवाद, तापमानाचं नेमकं हेच हवं होतं. मादी हलवली. चार तासांनीही क्रॉप रिकामे, त्यामुळे पिल्लं बाहेर काढतोय. मग नळी की सिरिंज?

पिसारा
नळी बाजूला ठेवा. पोपटवर्गीय पिल्लाची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. अंदाज चुकून नळी तिथे गेली तर पिल्लू जागच्या जागी संपतं. योग्य वाटेने गेली तरी घशाला किंवा अन्ननलिकेला भोक पडू शकतं. मऊ नळी सिरिंजच्या तोंडावरून निसटून क्रॉपमध्ये राहते तो प्रकार वेगळाच. शिवाय नळीने भरवताना पिल्लाला गिळावंच लागत नाही, मग पुढे स्वतः खायला शिकण्यात ते मागे पडतं. आजारी, न गिळणाऱ्या पक्ष्यासाठी नळी आहे, आणि तीही शिकलेल्या हातात.

सिरिंजने असं करा: पिल्लू मऊ फडक्यावर, डोकं अंगठा आणि बोटांत हलकं आधारलेलं, गळा न दाबता. सिरिंजमधली हवा आधी काढा. पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून टोक आत घेऊन त्याच्याच उजवीकडे रोखा. तोंड तुमच्याकडे असेल तर हा डावा कोपरा तुमच्या उजव्या हाताला येतो. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते म्हणून ही दिशा. चोचीच्या कडांना टोक टेकलं की पिल्लू डोकं झपाझप वर-खाली करायला लागतं. तेवढ्या वेळात श्वासनलिका बंद असते, तेवढ्यातच दट्ट्या दाबायचा. डोकं थांबलं की हात थांबला पाहिजे. बंद तोंडात किंवा रडणाऱ्या पिल्लाला कधीही ढकलू नका.

दट्ट्याचं रबर जुनं झालं की अडकतं, मग जोर लावताच अख्खी सिरिंज एकदम रिकामी होते. दट्ट्या अडकतोय असं वाटलं की सिरिंज बदला.

हिरवी_फांदी
मी सिरिंजपेक्षा चमचा सुचवेन, निदान पहिल्यांदा भरवणाऱ्याला. छोटा स्टीलचा चमचा, दोन्ही कडा आत वाकवून पन्हळीसारखा केलेला. पिल्लू स्वतःच्या वेगाने ओढून घेतं, त्यामुळे फुफ्फुसात जायची शक्यता बरीच कमी. तोटे: वेळ दुप्पट लागतो, घास वाटेत थंड होतो, आणि चोच-गळा माखतो. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने पुसलं नाही तर वाळलेल्या थराखाली कातडी सोलते. नेमकी मात्रा कळत नाही, त्यामुळे भरवण्याआधी आणि नंतर वजन करून फरक बघावा लागतो.

पिसारा
मान्य. तीन पिल्लांना चमचा जमतो. दहा-बारा असतील तर माणूस घाई करतो आणि मग चमच्याचा फायदाच राहत नाही.

नाकातून फॉर्म्युला आला तर लगेच थांबा, डोकं किंचित खाली करून शिंकू द्या, पुसा. त्या वेळचं भरवणं तिथेच संपलं. नंतर श्वासाला टिकटिक आवाज, उघड्या चोचीने श्वास किंवा शेपटी श्वासागणिक हलणं दिसलं तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे.

रानवाट
ब्रूडरचं, म्हणजे पिल्लं ठेवायच्या उबदार पेटीचं, कोणी लिहिलं नाही. पिसांचे कोंब आलेल्यांना ३० ते ३२ अंश. धाकटं सोबत आहे म्हणून सुरुवात ३२ ने करा. थर्मामीटर झाकणाला नको, पिल्लांच्या उंचीवर ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, त्यासाठी जाळीने झाकलेली पाण्याची वाटी पुरते. पिल्लं एकमेकांपासून लांब, चोच उघडी टाकून, लालसर दिसली तर उष्णता जास्त. घट्ट गठ्ठा आणि फिकट कातडी म्हणजे कमी. खाली गुळगुळीत प्लास्टिक नको, पाय फाकतात आणि हाडं तशीच वाढतात. लाकडाचा भुसाही नको, गिळतात. टिश्यूपेपरचे थर घाला, प्रत्येक वेळी बदला.

तुरेवाला
मोठी दोघं चमच्याने छान घेतात. धाकट्याचा क्रॉप मात्र चार तासांनी अजून अर्धा भरलेला आहे. पिल्लू हालचाल करतंय. काय करू? दूध किंवा लहान मुलांची खीर पातळ करून दिली तर पचायला सोपं जाईल का?

हिरवी_फांदी
दूध अजिबात नाही. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. मुलांच्या तयार आहारात या वेगाने वाढणाऱ्या पिल्लाला पुरेल इतकं प्रथिन आणि कॅल्शियम नसतं. हाडं वाकतात.

पिसारा
आत्ता वर काही भरवू नका. आधी ब्रूडर तपासा. पिल्लू गार असलं की क्रॉप थांबतो, बहुतेक वेळा कारण इतकंच असतं. मग फॉर्म्युला घट्ट झाला होता का ते आठवा. १ मिली ३९ अंशांचं साधं पाणी चमच्याने द्या, क्रॉप बाहेरून बोटाने अगदी हलका चोळा, आतली गाठ मोकळी होण्यापुरता. उलटं धरून रिकामं करायचा प्रयत्न करू नका, सगळं श्वासनलिकेत जातं. पाणी देऊनही दोन तासांत उतार दिसला नाही, आंबट वास आला किंवा विष्ठा थांबली तर आजच डॉक्टर. यीस्ट आहे की जिवाणू हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि दोन्हींची औषधं वेगळी. घरगुती उपायांत दिवस घालवाल तर एवढ्या वजनाचं पिल्लू तेवढं थांबत नाही.

आणि प्रत्येकाला वेगळा चमचा. वापरल्याबरोबर धुवा, मग उकळा. धाकट्याला सर्वात शेवटी भरवा.

तुरेवाला
ब्रूडर २८ वर आला होता. वाढवून ३२ केला, पाणी दिलं. क्रॉप उतरतोय. पुढे स्वतः खायला कधी लावायचं?

रानवाट
चार-पाच आठवड्यांपासून समोर राळ्याचं कणीस, भिजवलेल्या पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि उथळ पाणी ठेवा. दुपारचं भरवणं आधी सोडा, रात्रीचं सर्वात शेवटी. कॉकटील साधारण सात ते दहा आठवड्यांत सुटतात. उडायला लागताना वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, ते चालतं. त्याहून जास्त उतरलं तर सोडलेलं भरवणं परत सुरू करा.